पॉडकास्ट हा शब्द कुठल्या शेतातला?

मृग लागून चार दिवस झाले होते आणि आभाळ नुसतं भरून येत होतं. परभणीकडच्या आमच्या मामांच्या शेतात मी बांधावर बसलो होतो, कानात इअरफोन. मामा बैल सोडून आले, शेजारी टेकले आणि म्हणाले, "काय ऐकायलास रे एवढं?"

"पॉडकास्ट."

"म्हंजे रेडिओच की."

"नाही मामा, रेडिओ नाही."

"मग काय आहे?"

मी "इंटरनेटवरचा रेडिओ" असं म्हणून वेळ मारून नेली. मामांनी मान हलवली, पण ते पटल्याची खूण नव्हती. रेडिओ नाही आणि इंटरनेटवरचा रेडिओ आहे, हे दोन्ही मीच एका दमात सांगितलं होतं. घरी आल्यावर शब्दाच्या मागे लागलो, तेव्हा कळलं की हा शब्द समजून घ्यायला माझ्यापेक्षा मामाच जास्त लायक होते. त्याचं मूळ त्यांच्या कामातलं आहे.

शब्दाचे दोन तुकडे पडतात, पॉड आणि कास्ट. आधी मागचा तुकडा घेऊ, कारण तो जुना आहे आणि खरी गोष्ट त्याच्यात आहे. हा 'कास्ट' आला 'ब्रॉडकास्ट'मधून. ब्रॉड म्हणजे रुंद, ऐसपैस. कास्ट म्हणजे टाकणं, फेकणं. जाळं टाकतात तेही कास्ट, फासे टाकतात तेही कास्ट. हे क्रियापद इंग्रजीत उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आलं, तिथे ते 'कास्ता' होतं. (आपल्याकडे तहसीलमधून काढतात त्या कास्ट सर्टिफिकेटमधला कास्ट वेगळा. तो पोर्तुगीज शब्दावरून आला आणि त्याचा उच्चारही जवळपास 'कास्ता' असाच. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून सांगितलं. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.)

तर ब्रॉडकास्ट म्हणजे ऐसपैस फेकणं. काय फेकणं? बी. अठराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो शेतीतला शब्द म्हणून. मुठीत बी घेऊन, चालता चालता, हात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवत ते सगळीकडे पडेल असं टाकायचं, ही ब्रॉडकास्ट पेरणी. आपण याला फोकणं म्हणतो.

आमची आजी कोथिंबीर अशीच फोकायची. धने आधी फरशीवर पसरायचे आणि चपलेच्या तळव्याखाली हलक्या हातानं रगडायचे. एका धन्याच्या दोन फाकी झाल्या पाहिजेत, पण पीठ व्हायला नको. मग पाटीत घेऊन ती वाफ्याच्या कडेला उभी राहायची. मूठ भरायची, मनगट फिरायचं आणि बोटांच्या फटीतून धने सुटायचे. मूठ एकदम कधीच उघडायची नाही. एकदम उघडली की सगळं बी एका जागी पडतं आणि बाकीचा वाफा उघडा राहतो. वरून खुरप्यानं माती सारखी करायची आणि पाणी सोडायचं. कुठला धना कुठे पडला याचा हिशोब नाही. चार मातीत जातील, दोन बांधावर, एखादा चिमणीच्या पोटात. फोकणाऱ्याला ते मान्यच असतं.

याच्या उलट तिफण. 'ति' म्हणजे तीन, म्हणून तीन फणांची तिफण. चाड्यावर मूठ धरणारी बाई नेमकं बी सोडते, ते नळ्यातून उतरतं आणि ओळीत, ठरल्या खोलीवर पडतं. इंग्लंडात जेथ्रो टल यानं 1701 च्या सुमाराला पेरणीचं यंत्र काढलं आणि तिकडेही ओळीतल्या पेरणीचा बोलबाला सुरू झाला. त्या पेरणीहून वेगळी म्हणून जुन्या फोकणीला हे नाव चिकटलं असावं, असं मला वाटतं. एकच पद्धत असते तोवर तिला वेगळ्या नावाची गरज पडत नाही.

आता हा शेतातला शब्द हवेत कसा गेला? बिनतारी संदेश सुरुवातीला दोघांच्या बोलण्यासाठी होता. जहाजावरून बंदराला, ठाण्यावरून ठाण्याला. मधल्या मधे तिसऱ्यानं ऐकणं ही त्यातली खोट मानली जात होती. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की हीच खोट कामाची आहे. एकानं बोलावं आणि ज्याच्याकडे यंत्र असेल त्या सगळ्यांनी ऐकावं. 2 नोव्हेंबर 1920 ला अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रानं अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल असे हवेतून सांगितले आणि नंतरच्या दोन-चार वर्षांत तिकडे रेडिओ केंद्रांचं पेवच फुटलं. या नव्या प्रकाराला नाव हवं होतं. बोलणारा एक, ऐकणारे कोण आणि किती ते माहीत नाही, शब्द सगळीकडे सारखे जातात, कुठे रुजतील सांगता येत नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फोकणारा शेतकरी आला. ब्रॉडकास्ट हा शब्द तिथून रेडिओचा झाला, आणि पुढे इतका रेडिओचा झाला की आज इंग्रजी शहरातल्या पोराला त्यातलं बी दिसत नाही.

आपल्याकडे तो आला तेव्हा आपण त्याचा अर्थ घेतला, चित्र घेतलं नाही. 1927 साली मुंबईहून नियमित प्रसारण सुरू झालं. 1936 साली सरकारी सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. आकाशवाणी हे नाव म्हैसूरच्या केंद्रानं आधीपासून वापरलेलं होतं, ते पुढे देशभराच्या सेवेचं झालं. फार सुंदर शब्द आहे. कंसाला आकाशवाणी झाली, देवकीचा आठवा पुत्र तुझा काळ, हे कीर्तनात ऐकत वाढलेल्या माणसाला रेडिओ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. बोलणारा दिसत नाही, आवाज वरून येतो आणि उलट प्रश्न विचारायची सोय नाही. पण यात मूठ गेली, माती गेली. प्रसारण म्हणजे पसरवणं, त्यातही पेरणारा नाही. त्या मानानं टीव्हीसाठी आलेला 'थेट प्रक्षेपण' हा शब्द मूळच्या जास्त जवळचा, कारण प्रक्षेपणातला 'क्षिप्' हा धातू फेकण्याचाच. बोलताना हे कुणाच्या मनात नसतं, पण शब्दात ते आहे.

मराठवाड्याला रेडिओ नवा नव्हता. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांकडे जी पाच रेडिओ केंद्रं होती त्यांतलं एक औरंगाबादचं, निजामाच्या राज्यातलं. आमच्या पिढीला मात्र रेडिओ म्हणजे परभणी केंद्र. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की गोठ्यातली कामं त्या आवाजावर उरकायची. कृषी विद्यापीठही 1972 पासून परभणीतच, त्यामुळे बोंडअळीवर कुणी तज्ज्ञ बोलले तर ते आपल्याच मातीबद्दल बोलत असत. पण कार्यक्रम चुकला की चुकला. धार काढताना बादली सांडली आणि नेमकं औषधाचं प्रमाण ऐकायचं राहिलं, तर "पुन्हा सांगा" म्हणायला कुणी नाही. फोकणीचा हा स्वभावच आहे, त्या घडीला वाफा तयार नसेल तर बी वाया.

आता पुढचा तुकडा, पॉड. इंग्रजीत पॉड म्हणजे शेंग. तुरीची, मुगाची, सोयाबीनची. म्हणजे पॉडकास्टचं शब्दशः मराठी करायला बसलं तर शेंगफोकणी! मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. पण शेंग या शब्दात सरळ आलेली नाही, वळसा घालून आलेली आहे. शेंगेत दाणे बंद असतात, म्हणून बंद कुपीसारख्या कशालाही इंग्रज पॉड म्हणू लागले. 1968 सालच्या एका गाजलेल्या अंतराळपटात मोठ्या यानातून सुटून बाहेर पडणाऱ्या छोट्या गोल यानांना पॉड म्हटलेलं आहे. ॲपल कंपनी खिशात मावणारं गाण्यांचं यंत्र काढत होती तेव्हा त्याचा पांढराशुभ्र नमुना पाहून विनी चिएको या जाहिरात लिहिणाऱ्याला तीच यानं आठवली. घरचा संगणक हे मोठं यान आणि हे त्यातून सुटणारं छोटं. त्यावरून आयपॉड. हे यंत्र 23 ऑक्टोबर 2001 ला जाहीर झालं, 5 जीबीचं, खिशात हजार गाणी मावतील अशा बोलीचं.

दोन तुकडे मिळाले, ते जोडले एका पत्रकारानं. 12 फेब्रुवारी 2004 च्या 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकात बेन हॅमर्सली यांचा लेख आला. लोक आता स्वतःच आवाज मुद्रित करून इंटरनेटवर ठेवू लागलेत, हा विषय. याला म्हणावं तरी काय, असा प्रश्न त्यांनी लेखात टाकला आणि तीन नावं सुचवली. त्यांतलं मधलं होतं पॉडकास्टिंग. हॅमर्सली यांनी नंतर सांगितलेली हकिकत मला फार आवडते. लेख पानाच्या जागेला एखाद्या वाक्यानं कमी पडत होता, भरतीला काहीतरी द्या असं कळवण्यात आलं, म्हणून त्यांनी ही नावांची ओळ लिहून दिली. जागा भरायला लिहिलेल्या ओळीतला एक शब्द जगभर गेला आणि बाकीचे दोन कुणाला आठवतही नाहीत.

तोही लगेच गेला नाही. आपल्याकडे पाऊस यायच्या आधी कोरड्या मातीत धूळपेरणी करतात, बी मातीत पडून राहतं आणि पावसाची वाट बघतं. हा शब्दही फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत तसाच पडून होता. 2004 च्या सप्टेंबरात डॅनी ग्रेगॉयर यांनी तो एका नव्या तंत्रासाठी वापरला आणि महिन्या-दोन महिन्यांत तो सगळ्यांच्या तोंडी झाला. जून 2005 मध्ये ॲपलनं आयट्यून्स या आपल्या गाण्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉडकास्टची सोय केली आणि दोन दिवसांत दहा लाखांवर नोंदण्या झाल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीनं पॉडकास्ट हा वर्षाचा शब्द ठरवला.

एक चुकीची व्युत्पत्ती आपल्याकडे जोरात फिरते. पॉड म्हणजे 'प्लेएबल ऑन डिमांड', मागाल तेव्हा वाजणारं, अशी ती फोड. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनाही हीच पाठ असते. ही फोड मागाहून जुळवलेली आहे. ॲपलच्या यंत्राचं नाव शब्दात नको म्हणून काहींनी ती पुढे केली, तर 2006 मध्ये लिओ लापोर्ट या अमेरिकी निवेदकानं 'नेटकास्ट' म्हणा असं सुचवलं. लोकांनी दोन्ही ऐकलं नाही. शब्द आयपॉडवरूनच आलेला आहे.

आणि तो आयपॉड 2022 साली बंद झाला. शब्द मात्र जोरात आहे. यात नवल वाटायचं कारण नाही. आपलं तेल कशावरून आलं? तिळावरून, तिळाचं ते तैल. आज आपण सोयाबीनचं तेल, सरकीचं तेल, करडईचं तेल म्हणतो, कढईत तीळ नावालाही नसतो. आयपॉडशिवायचा पॉडकास्ट असाच, तिळाशिवायचं तेल.

आता ग्रेगॉयर यांनी शब्द ज्याला वापरला ते तंत्र. मामांच्या प्रश्नाचं खरं उत्तर यात आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

2000 सालच्या आसपास इंटरनेट इतकं मंद होतं की एक गाणं मागवलं तर चहा पिऊन यावं लागे. ॲडम करी या टीव्हीवरच्या निवेदकाचं म्हणणं असं की माणसाला समोर बसवून ताटकळत कशाला ठेवायचं? संगणक रात्रभर चालूच असतो, त्यानं झोपेच्या वेळात सावकाश सामान आणून ठेवावं, सकाळी तयार. रात्रपाळीच्या लाईटवर मोटार लावून हौद भरून घेणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. डेव्ह वायनर या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं ते जमवलं. त्याच्या हाताशी आरएसएस नावाची एक साधी पद्धत होती. एखाद्या ठिकाणी नवं काय आलं, त्याची मशीनला वाचता येईल अशी यादी. या यादीला फीड म्हणतात. वायनरनं डिसेंबर 2000 मध्ये त्या यादीत एक जास्तीची जागा केली, पाकिटात चिठ्ठीसोबत वस्तू घालावी तशी. त्या जागेत आवाजाच्या फाइलचा पत्ता लिहायचा.

झालं, एवढंच पॉडकास्टचं यंत्र. मी माझा आवाज मुद्रित करतो. त्याची फाइल कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवतो. फीडमध्ये एक ओळ वाढवतो, भागाचं नाव, तारीख, फाइलचा पत्ता. तुमच्या फोनमधलं ॲप थोड्या थोड्या वेळानं ती यादी बघून येतं आणि नवी ओळ दिसली की फाइल उतरवून घेतं. तुम्ही एकदा सबस्क्राइब केलं की दर वेळी मागावं लागत नाही.

सबस्क्राइबला आपण 'सदस्यता घ्या' म्हणतो. त्यापेक्षा कितीतरी चांगला शब्द आपल्या घरात आहे, रतीब. गवळ्याकडे रतीब लावला की रोज सकाळी दूध दारात. पॉडकास्टचा रतीब लावायचा, नवा भाग आला की फोनमध्ये पोच.

म्हणजे बघा, ब्रॉडकास्टमधला कास्ट या शब्दात आला खरा, पण काम उलटं झालं. रेडिओवाला फोकतो. त्याचा एक मनोरा, एक लहर. एकानं ऐको की लाखानं, त्याचं वीजबिल तेवढंच. इंटरनेटवर असं फोकणं जवळजवळ होतच नाही. गावच्या सप्ताहातलं कीर्तन आपण लाईव्ह बघतो तेव्हाही प्रत्येकाच्या फोनपर्यंत वेगळी धार जाते, हजार जण बघत असतील तर हजार धारा. नेटवर्कवाले याला युनिकास्ट म्हणतात, एकेकाला वेगळं टाकणं. शेतीच्या भाषेत टोकण. एका जागी एक बी, बोटानं दाबून. आणि पॉडकास्टमध्ये तर टोकणाराही शेतकरी नाही, जमीनच हात पुढे करून बी मागून घेते, तिला वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, असेल तेव्हा. रेडिओ आणि पॉडकास्ट यांच्यातला फरक मला याहून सोपा करून सांगता येत नाही.

हल्ली मराठीत पॉडकास्ट म्हटलं की दोन खुर्च्या, दोन माइक आणि दोन-दोन तास चाललेल्या गप्पांचा व्हिडिओ डोळ्यांपुढे येतो. शब्दाचा अर्थ असा सरकतो, त्याला कुणी अडवू शकत नाही. कितीतरी चांगल्या मुलाखती तशा होतात, मीही त्या ऐकतो. एक गोष्ट मात्र मला मनापासून लागते. फीडवरचा पॉडकास्ट कुणा एका कंपनीच्या वाड्यात नसतो. गूगलनं 2024 मध्ये आपलं पॉडकास्टचं ॲप बंद केलं, तेव्हा ऐकणाऱ्यांना आपल्या रतीबांची यादी उचलून दुसऱ्या ॲपमध्ये नेता आली. कार्यक्रम जागच्या जागी होते, बदलला तो फक्त ऐकण्याचा दरवाजा. जो कार्यक्रम एकाच कंपनीच्या व्हिडिओच्या जागेवर असतो त्याला ही सोय नाही, मालकानं दार लावलं की संपलं. आपल्या भागातल्या ओव्या, जात्यावरची गाणी, म्हाताऱ्यांच्या तोंडच्या दुष्काळाच्या आठवणी कुणी मुद्रित करत असेल, तर त्यानं फीडवरही जरूर ठेवाव्यात असं माझं कळकळीचं सांगणं आहे. व्हिडिओ करा, पण बी दोन कणग्यांत ठेवा.

पॉडकास्टला मराठी शब्द करावा का, असं मला एकानं विचारलं. मला गरज वाटत नाही. तो मराठीत 'हा पॉडकास्ट' म्हणून पुल्लिंगी होऊन बसलाय, त्याची अनेकवचनं होतात, विभक्ती लागतात, तो आपला झालाय. मराठी शब्द हवेत ते आत काय चालतं हे सांगायला, आणि ते आहेतच. फोकणं, टोकणं, रतीब.

एवढं सगळं घेऊन मी पुन्हा गावी गेलो तेव्हा पेरण्या होऊन पिकं गुडघ्याला आली होती. मामांना सांगितलं, रेडिओ म्हणजे फोकणी आणि हे म्हणजे टोकण, तेही जमीन मागेल तेव्हा. ते म्हणाले, "हे आधी सांगायचं की. आता सोयाबीनवर कुणी चांगलं बोलत असंल त्याचा रतीब लाव मला." मग हलक्या आवाजात, "नेट किती खातंय?"

हिशोब करून दाखवला. बोलण्यापुरता आवाज 64 केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला 64 किलोबिटला चालतो, म्हणजे अर्ध्या तासाला साधारण 14 एमबी. अर्ध्या तासाचा व्हिडिओ याच्या कितीतरी पट खातो. गावात चावडीपाशी रेंज चांगली, तिथे उभं राहून चार भाग उतरवून घेतले.

त्या आठवड्यात लाईट रात्री बाराला येत होती. मामा बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीकडे निघाले, मी मागे. तिथे रेंज अजिबात नाही, फोनवर नुसती फुली. त्यांनी मोटार सुरू केली, पाणी पाटाला लागलेलं पाहिलं, फोन सदऱ्याच्या खिशात उभा ठेवला आणि दारे धरायला उतरले. खोडमाशीवरचा भाग सुरू झाला. मध्येच मोटारीनं आचका दिला, ते धावत गेले, आणि परत आल्यावर म्हणाले, "थांब, जरा मागं घे. फवारणीचं प्रमाण ऐकायचं राहिलं."

मी मागं घेतलं.